नागपूर ते बर्गन, जुलै २०२५: नियोजनाच्या नोंदी

१४ डिसेंबर २०२४

प्रवासी सहा: दोघं साठीपुढचे, दोघं चाळिशीतले, दोघं कॉलेजचे (१९ आणि २२). मुक्काम ५ ते २७ जुलै.

युरोपात जुलैत ऊन आणि गर्दी, तेव्हा नको म्हणणारे बरोबरच आहेत. पण विद्यापीठाचे पेपर जूनच्या शेवटापर्यंत रेंगाळतात आणि ऑगस्टमध्ये पुढचं सत्र. मग उरतो जुलैच. ऑगस्टपेक्षा तो बरा म्हणायचा: इटली आणि फ्रान्समध्ये १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी शहरं सुट्टीवर जातात आणि गल्लीतल्या खाणावळींना कुलपं लागतात.

पहिला कच्चा मार्ग माद्रिद, कोर्दोबा, सेविया, ग्रानादा, मग बार्सेलोना आणि वर. दक्षिण स्पेन आजच काटला. सेवियात जुलैचं सरासरी कमाल तापमान ३६ अंशांच्या आसपास असतं, चाळिशी पार होणं तिथे बातमी नव्हे. सिसिलीत ११ ऑगस्ट २०२१ ला ४८.८ अंश नोंदले गेले, तो युरोपचा उच्चांक आहे. नागपूरकराला हे आकडे किरकोळ वाटतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. आपल्याकडे ४५ अंशांत माणूस परदे ओढून कुलरसमोर बसलेला असतो. प्रवासात तोच माणूस दुपारी दोन वाजता दगडी फरशीवरून बॅग ओढत असतो.

ठरलं ते असं: उन्हाची शहरं आधी, अंगात जोर असताना. मग डोंगर, मग उत्तर. रोमला उतरायचं आणि नॉर्वेतल्या बर्गनहून निघायचं. त्याच वाटेने परत यायचं नाही, म्हणजे दोन दिवस आणि एक लांबचं भाडं वाचतं.

२२ डिसेंबर

सहाही पासपोर्ट तपासले. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच व्हिसा) पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा, दोन पानं कोरी असावीत आणि बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असावा. आपली बाहेर पडण्याची तारीख २७ जुलै, म्हणजे २७ ऑक्टोबरपर्यंत मुदत हवी. एकाची १२ सप्टेंबरला संपते. परतल्यानंतरची तारीख म्हणून ती चालेल असं वाटतं, पण चालत नाही. नूतनीकरणाचा अर्ज आजच भरायचा. पोलीस पडताळणीला घरी कुणी सापडलं नाही की पंधरा दिवस तिथेच जातात.

५ जानेवारी २०२५

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, त्यामुळे खिडकी आज उघडली. शेवटची मुदत प्रवासाच्या १५ दिवस आधी, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही. निर्णयाला सर्वसाधारण १५ दिवस लागतात, काही अर्जांत ४५ पर्यंत जातात.

२०२५ हे रोममध्ये जुबिली, म्हणजे कॅथलिकांचं पवित्र यात्रावर्ष आहे. २४ डिसेंबरला पवित्र दार उघडलं, आता ६ जानेवारी २०२६ पर्यंत यात्रेकरूंचा ओघ राहणार. सगळ्यात मोठी गर्दी तरुणांच्या जुबिलीला, २८ जुलै ते ३ ऑगस्ट. आपण ५ ते ८ जुलै तिथे आहोत, त्यामुळे त्या लोंढ्याच्या तीन आठवडे आधी बाहेर पडतो. तरीही रोमची खोली सगळ्यात आधी धरायची.

तारखांचा सांगाडा: रोम ५ ते ८, फ्लोरेन्स ८ ते १०, स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन १० ते १५, पॅरिस १५ ते १८, अॅमस्टरडॅम १८ ते २०, हॅम्बुर्ग एक रात्र, कोपनहेगन २१ ते २३, ओस्लोच्या बोटीवर एक रात्र, बर्गन २४ ते २७. पॅरिसला १५ ला पोचण्याचं कारण १४ जुलै: राष्ट्रीय दिनाची परेड, आतषबाजी, बंद रस्ते आणि खोलीला वाट्टेल तो भाव.

२ फेब्रुवारी

काल अर्थसंकल्प आला. परदेशी पैसे पाठवण्यावरच्या टीसीएसची (आधीच कापून घेतल्या जाणाऱ्या कराची) मर्यादा १ एप्रिलपासून माणशी ७ लाखांवरून १० लाख होते. ‘टूर पॅकेज’ मात्र वेगळ्या रांगेत: पहिल्या रुपयापासून ५ टक्के, १० लाखांच्या पुढे २० टक्के. विमान आणि खोल्या एकाच ठिकाणी बांधून घेतल्या की बिल पॅकेजचं होतं. सुटं सुटं बुक करायचं ठरलं. टीसीएस विवरणपत्रात परत मिळतो हे खरं, पण तोवर पैसा अडकतो. फॉरेक्स कार्डात मोठी रक्कम १ एप्रिलनंतरच भरायची.

१६ फेब्रुवारी

मुक्कामाच्या रात्री मोजल्या. इटली ५, स्वित्झर्लंड ५. व्हिसाचा अर्ज जिथे सगळ्यात जास्त मुक्काम त्या देशाकडे द्यायचा. मुक्काम सारखा असेल तर जिथून पहिला प्रवेश त्या देशाकडे. म्हणजे आजच्या घडीला इटली. पण अशा काठावरच्या मार्गात एक रात्र इकडची तिकडे झाली की अर्जाचा देशच बदलतो, आणि कागद एका देशाचे नि मुक्काम दुसऱ्याचा अशी गत होते.

त्यात फ्लोरेन्स टेकड्यांच्या खोलगटात वसलंय. उन्हाळ्यात हवा तिथे कोंडून राहते, रात्रीही शहर निवत नाही. तिथली एक रात्र कापून लाउटरब्रुनेनला दिली. आता इटली ४, स्वित्झर्लंड ६. अर्ज स्वित्झर्लंडकडे, त्यात वादाला जागा नाही. एकाच ठिकाणी सहा रात्री म्हणजे कपडे धुवून होतात, स्वयंपाकघर असलं तर वरण-भातही होतो, आणि ज्येष्ठांना एक पूर्ण दिवस काहीही न करता बसता येतं. हा आळसाचा दिवस आराखड्यात लिहूनच ठेवलाय, नाहीतर तोही कुणीतरी भरून टाकतं.

९ मार्च

खोल्या. आजचा दिवस यातच गेला, आणि जायलाच हवा होता.

रोम, फ्लोरेन्स, पॅरिस: एसीशिवाय खोली नाही. पॅरिसमध्ये २५ जुलै २०१९ ला ४२.६ अंश होते, आणि तिथल्या जुन्या इमारती हिवाळ्याच्या थंडीला धरून बांधलेल्या. वरचा मजला स्वस्त दिसतो कारण त्याच्या डोक्यावर जस्ताच्या पत्र्याचं छप्पर असतं. दुपारी तो पत्रा तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. आपल्या टिनाच्या शेडखाली मे महिन्यात कुणी झोपत नाही, मग पैसे देऊन तिथे का झोपावं? फ्रेंच वर्णनात ‘क्लिमातिझासियों’ म्हणजे एसी, ‘व्हेंतिलातर’ म्हणजे नुसता पंखा. भाषांतरात दोन्हींचं ‘कूलिंग’ होऊन येतं, म्हणून मूळ शब्द बघायचा. छताला पंखा तर जवळपास कुठेच नसतो.

लाउटरब्रुनेन, कोपनहेगन, बर्गनला एसी शोधत बसायचं नाही. अॅमस्टरडॅमला प्रश्न वेगळाच: कालव्याकाठच्या जुन्या घरांचे जिने शिडीइतके उभे, आणि लिफ्ट नसते. साठीपुढच्या दोघांसाठी लिफ्ट किंवा तळमजला, ही अट फोटोपेक्षा मोठी. मालकाला लेखी विचारायचं: दारापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? उत्तरात ‘थोड्याच’ आलं तर ती जागा सोडायची.

लिहून ठेवायची आणखी एक गोष्ट. रोमला जुलैत सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, पॅरिसला पावणेदहानंतर. म्हणजे संध्याकाळी सहाला आपल्या चार वाजताचं ऊन असतं. दिवसाची आखणी: सकाळी साडेसहा ते अकरा बाहेर, बारा ते पाच खोली, संग्रहालय किंवा गाडी, सहानंतर पुन्हा बाहेर. दुपारी बाहेर पडू नये हे नागपूरकराला शिकवायला नको, पण कोलोसियमचं तिकीट दुपारी दोनचं घेऊन ठेवलं की शिकलेलं वाया जातं.

२ एप्रिल

रेल्वे. पॅरिस–मिलान थेट गाडी ऑगस्ट २०२३ च्या दरड कोसळण्यापासून बंद होती, ती या आठवड्यात सुरू झाली. आपल्या मार्गात नाही, पण पर्याय म्हणून नोंद. आल्प्स ओलांडायला गोट्टहार्ड धरला. ५७ किलोमीटरचा पायथ्याचा बोगदा मालगाडी घसरल्यानंतर वर्षभर दुरुस्तीत होता आणि २ सप्टेंबर २०२४ ला पूर्ण खुला झाला. फ्लोरेन्स, मिलान, लुत्सेर्न, इंटरलाकेन, लाउटरब्रुनेन: तीन बदल. मिलानला मध्ये किमान ७५ मिनिटं ठेवायची, कारण गाडी उशिरा आली की पुढच्या देशाची गाडी थांबत नाही.

युरेल पास (युरोपभरच्या गाड्यांना एकच पास) घ्यायचा की नाही? लांब प्रवासाचे दिवस सात. १२ ते २७ वयाला सवलत आहे, साठीपुढे १० टक्के. कागदावर पास छान दिसतो. पण इटलीच्या वेगवान गाड्या, बासेल–पॅरिस आणि पॅरिस–अॅमस्टरडॅम या तिन्हींना पासावरही वेगळं पैसे देऊन आरक्षण लागतं, आणि पासधारकांच्या जागा मोजक्या. जुलैत आधी त्याच संपतात. पास हातात, पण गाडीत जागा नाही अशी पाळी येते. तारखा पक्क्या असल्याने सुटी आगाऊ तिकिटं घेतली. तारखा मोकळ्या असत्या तर उलट निर्णय झाला असता.

स्वित्झर्लंडमध्ये हाफ फेअर कार्ड. डोंगरावरच्या गाड्या महाग, आणि युंगफ्राउयोखला (डोंगरावरच्या उंच रेल्वे स्टेशनला) हे कार्ड निम्मं भाडं करतं, तर स्विस ट्रॅव्हल पास वरच्या टप्प्यावर फक्त २५ टक्के सोडतो.

घड्याळ: ३० मार्चपासून तिकडे उन्हाळी वेळ लागली. आपण आता साडेतीन तास पुढे, आधी साडेचार होतो. जानेवारीत लावलेले सगळे गजर एक तास मागे घेतले.

१६ एप्रिल

व्हिसाचे अर्ज काल मुंबईत दिले. रात्रीची दुरांतो सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीला लागते. वेळ साडेअकराची घेतली होती, नऊची घेतलेल्यांची घालमेल होते. शुल्क माणशी ९० युरो, सेवाशुल्क वेगळं. ज्यांचे बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले आहेत त्यांचे पुन्हा वापरता येतात, पण तरी सगळ्यांनी जाणं सोयीचं.

फायलीचा क्रम: अर्ज, फोटो (३५ बाय ४५ मिमी), पत्र, तारीखवार मार्ग, खोल्या, गाड्या, किमान ३०,००० युरोचा विमा, बँकेचा उतारा, विवरणपत्रं. अर्ज अडतात ते बहुतेक तारखांच्या विसंगतीने: विमा ५ ते २६ जुलै आणि विमान २७ चं, किंवा एक रात्र कुठेच नाही. आपल्या फाइलीत २३ जुलैची रात्र बोटीवर असल्याने हॉटेलच्या यादीत भोक दिसत होतं. बोटीचं तिकीट त्याच क्रमात मध्ये लावलं.

२९ एप्रिल

काल स्पेन आणि पोर्तुगाल दुपारी साडेबाराच्या सुमारास अंधारात गेले. गाड्या जागच्या जागी, कार्डं बंद, मोबाइलही मुका. आपण तिथे जात नाही, पण यादीत तीन गोष्टी चढल्या: माणशी १५० युरो रोख, सगळी तिकिटं कागदावर, नकाशे फोनमध्ये उतरवलेले. याशिवाय थोडे स्विस फ्रँक. डेन्मार्क-नॉर्वेत रोख जवळपास लागतच नाही.

सिमकार्ड: युरोपीय संघातलं सिम नॉर्वेत चालतं, स्वित्झर्लंडमध्ये मात्र संघाचा रोमिंग नियम लागू नाही. पॅकच्या यादीत ‘स्वित्झर्लंड’ हा शब्द डोळ्यांनी वाचल्याशिवाय घ्यायचं नाही. आपला सगळ्यात लांब मुक्काम तिथेच आहे.

९ मे

व्हिसा आले. काल संध्याकाळी नवे पोपही निवडले गेले, म्हणजे त्या निवडीसाठी २८ एप्रिलपासून बंद असलेलं सिस्टीन चॅपल आता उघडेल. व्हॅटिकन संग्रहालय सोमवार ७ जुलै, सकाळची पहिली वेळ.

रोमचा रविवार मात्र पेचाचा. ६ जुलै हा महिन्याचा पहिला रविवार: कोलोसियमसह सरकारी स्थळं फुकट, आणि म्हणून रांग उन्हात. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा सोडून). तो दिवस पायी फिरण्याचा, पहाटे. कोलोसियम मंगळवारी ८ ला साडेआठ वाजता, तिकिटं ३० दिवस आधी म्हणजे ८ जूनला सुटतात. फ्लोरेन्सचं उफीत्सी कलासंग्रहालय सोमवारी बंद, आपण बुधवारी जातो. लूव्र मंगळवारी बंद, आपण त्याच दिवशी पॅरिसला पोचतो, म्हणून गुरुवार. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी सुटतात: १६ जुलैसाठी १७ मे.

कोलोसियमचं तिकीट नावावर असतं. आपल्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं असतात. पासपोर्टात आहे तसंच, त्याच क्रमाने टाकायचं. घरचं लाडकं स्पेलिंग दारावर चालत नाही.

३० मे

परवा स्वित्झर्लंडमध्ये लोएचेन्टाल खोऱ्यात हिमनदी आणि दरड कोसळून ब्लाटेन गाव गाडलं गेलं. आपला मार्ग तिथून जात नाही. लाउटरब्रुनेनच्या पायवाटा मात्र त्या त्या सकाळी खुल्या आहेत का ते पाहूनच निघायचं.

युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर. खाली २५ अंश, वर शून्याच्या आसपास. रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पर्याय शिल्थॉर्न, २,९७० मीटर, किंवा नुसतं म्युरेन, १,६३८ मीटर, जिथून समोरची आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं बाकावर बसून दिसतात. तिकीट आधी काढायचं नाही. सकाळी वरच्या कॅमेऱ्यात ढग आहेत का पाहायचं, मग काढायचं. ढगात गेलात तर पैसे पांढऱ्या भिंतीचे.

३ जून

अॅन फ्रँक घर: दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटं, तिथले सकाळी १०, आपले दुपारी १:३०. १९ जुलैची आज सुटली. १:२० ला ऑनलाइन रांगेत, सहा तिकिटं एकाच खात्यावरून. सहा सलग जागा शोधत बसलात तर सगळंच जातं, तीन-तीन घेतली.

१५ जून

सामान. माणशी एक बॅग, १२ किलो, आणि पाठीवर एक. चार बारीक चाकांची बॅग विमानतळावर तरंगते आणि रोमच्या दगडी फरशीत अडकते. दोन मोठ्या चाकांची घ्यावी. परीक्षा सोपी: भरलेली बॅग उचलून दोन मजले चढायचं. जमलं नाही तर चार कपडे कमी करायचे.

कपडे थरांचे: सुती, त्यावर पातळ लोकर, त्यावर पावसाचं जाकीट. रोमला ३५ आणि बर्गनला १५ अंशांत पाऊस, दोन्हींना तेच. बर्गनला वर्षात दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो, छत्री वाऱ्यात उलटते.

खाण्याचं: दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे संत्रा बर्फी घरीच, तूपही. ताजी संत्रीही नाहीत. चिवडा, दाण्याची चटणी, डाळ-तांदळाची खिचडीची पुडी चालते. पन्ह्याचा अर्क हातातल्या बॅगेत १०० मिलीपुढे अडतो, त्याऐवजी ओआरएसची पाकिटं, माणशी १०. खिशातला कांदा ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर.

पाणी रोममध्ये विकत घ्यायचं नाही. रस्त्यावरचे ओतीव लोखंडाचे नळ, ‘नासोने’, सतत वाहतात. नळाच्या वाकावर एक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून धार वर उसळते आणि बाटलीशिवाय पिता येतं.

प्लग: आपल्या फोनचा बारीक दोन पिनांचा चार्जर सगळीकडे बसतो. तीन गोल पिनांचा कुठेच नाही. युरोपचा जाड गोल प्लग स्वित्झर्लंडच्या षटकोनी खाचेत जात नाही, त्यामुळे तिथे वेगळा अॅडॉप्टर.

२४ जून

काल रात्री कतारने हवाई क्षेत्र काही तास बंद केलं, शेजारच्या काही देशांनीही. आपलं विमान आखातातून जातं. नागपूर–मुंबई–आखात–रोम हे सगळं एकाच पीएनआरवर आहे, हाच काय तो आधार: मधलं हुकलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीवर. मुंबईचा तुकडा वेगळा काढला असता तर जुलैच्या पावसात चुकलेलं विमान आपल्या खात्यावर. मुंबईला मधला वेळ सहा तास. पाऊस फारच वाढला तर आदल्या रात्रीची गाडी, किंवा ५ जूनला पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी. पण पहिला तुकडा सोडायचा तर आधी कंपनीकडून तसं लिहून घ्यायचं. न कळवता गैरहजर राहिलात तर पुढचं सगळं तिकीट रद्द होतं.

२९ जून

इटलीत रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप: ७ जुलै रात्री ९ ते ८ जुलै संध्याकाळी ६. आपली रोम–फ्लोरेन्स गाडी ८ ला दुपारची, नेमकी त्यात. तिकडे संपाची सूचना आधी जाहीर करावी लागते, म्हणून कॅलेंडर दर आठवड्याला पाहायचं. संपाच्या दिवसाच्या तिकिटाचे पैसे परत मागता येतात. ते मागितले आणि संध्याकाळी साडेसातची गाडी घेतली. दीड तासाचा प्रवास, उजेड मावळता मावळता फ्लोरेन्स. कोलोसियमनंतर सामान हॉटेलातच, दुपारी एसीचं संग्रहालय. फ्लोरेन्सच्या मालकाला रात्री साडेनऊला येतो असं कळवलं, चावीपेटीचा आकडा मागवला.

ओस्लो–बर्गन: जुलैत ओस्लोच्या आसपास रूळकामासाठी काही टप्पे बसने जातात. २४ ला बोट सकाळी दहाच्या सुमारास लागते. गाडी दुपारची ठेवलीय, बस आली तरी निभेल.

२ जुलै

काल पॅरिसमध्ये उष्णतेचा लाल इशारा, आयफेलचं वरचं टोक बंद. स्पेनमध्ये २८ जूनला ४६ अंश. आपलं आयफेल १६ ला, सकाळी साडेनऊचं. उद्या आणि परवा फ्रान्समध्ये हवाई नियंत्रकांचा संप आहे, पण आपण पॅरिसला रेल्वेने जातो.

छपाई झाली: दोन संच, एक ज्येष्ठांच्या बॅगेत. पहिल्या पानावर ११२, विम्याचा नंबर, औषधांची मूळ नावं. सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर, परवा दुपारी दोनला. घरचा कुलर रिकामा करून टाकी पुसून ठेवायची राहिलीय.